पप्पांचा डबा भरण्याआधी त्यांची ड्युटी बघ

मावशी, मी कराडची. यंदाच बारावी झाली. धाकटा भाऊ सातवीत आहे. आमचे पप्पा एसटीत कंडक्टर आहेत, आठवड्यातून दोन-तीन रात्री मुक्कामी गाडी असते. जूनच्या तिसऱ्या रविवारी फादर्स डे येतो. आम्ही दोघांनी साठवलेले अडीचशे रुपये आहेत, त्यात त्यांना काहीतरी स्वतः बनवून द्यायचंय. मोबाइलवर बरण्या रंगवून त्यात चॉकलेटं भरून देतात ते बघितलं, पण चॉकलेटांतच सगळे पैसे संपतील, शिवाय पप्पांना गेल्या वर्षी शुगर निघाली. आईने माळ्यावर रिकाम्या बरण्या आणि डबे भरपूर जपून ठेवलेत. पण ती म्हणते, "असली परदेशी थेरं कशाला? त्या पैशांत वह्या आणा." काय भरावं, कशात भरावं, आणि ते पप्पांना खरंच उपयोगी कसं पडेल?
– एक वाचक, कराड

प्रिय मुली,

तुझ्या पत्रातला शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत आवडला. मोबाइलवर दिसतात त्या बरण्या टेबलावर ठेवून फोटो काढायला छान असतात. तुझे पप्पा दिवसभर टेबलापाशी नसतात. म्हणून डबे काढायच्या आधी एक काम कर. पप्पा ड्युटीवरून आले, चहा झाला, की सहज गप्पांत विचार: भूक नेमकी कधी लागते? जेवण कुठे होतं? मुक्कामाच्या गावी रात्री भाकरीबरोबर काय मिळतं? बॅगेत कोणता कप्पा रिकामा असतो? आपल्यासाठी काहीतरी चाललंय हे त्यांना कळलं तरी बिघडत नाही. मुलगी आपल्या ड्युटीबद्दल एवढं बारकाईने विचारते, हेच त्यांना आवडेल.

आता कंडक्टरचं काम डोळ्यांसमोर आण. एका हातात तिकिटाचं मशीन, दुसऱ्या हातात नोटा आणि सुटे. त्याच हाताने दांडी धरायची, त्याच हाताने घंटीची दोरी ओढायची. अशा हाताने चिवडा खायचा म्हणजे तिखट-तेल मशीनला आणि नोटांची घाण पोटात. खिडकीतून वारा येतो, तेव्हा सालीचे शेंगदाणे खाल्ले की सालं मागच्या सीटपर्यंत उडणार. काचेची बरणी पहिल्याच खड्ड्याला धोका. म्हणजे गाडीत चालेल तो खाऊ कोरडा, बिनतेलाचा, बिनसालीचा हवा, आणि भांडं असं हवं की आत हात न घालता तळहातावर ओतून थेट तोंडात टाकता येईल. मुक्कामाच्या रात्रीची गरज निराळी, तिथे जेवणाला चव आणणारं काहीतरी हवं. घरी, सुट्टीच्या दिवशी, तेलातिखटाचं चालेल. म्हणून एकच मोठी बरणी सजवण्यापेक्षा तीन लहान भेटी कर: एक बॅगेतली बाटली, एक मुक्कामाची डबी आणि एक घरातला डबा.

भांडी निवडताना आईला सोबत घे, आणि विचारल्याशिवाय माळ्यावरचं काहीही उचलू नको. ज्या बरण्या तुला रिकाम्या दिसतात, त्यांतल्या निम्म्या तिने साठवणीच्या मसाल्यासाठी मनात धरून ठेवलेल्या असतात. बाटलीसाठी शीतपेयाची २५० मिलीची लहान बाटली उत्तम. तिच्या तोंडातून फुटाणे आणि शेंगदाणे सहज बाहेर पडतात. मुक्कामाच्या डबीसाठी श्रीखंडाचा पाव किलोचा डबा बघ, पण झाकण घट्ट बसत असेल तरच. नाहीतर फिरकीच्या झाकणाची लहान प्लास्टिक बरणी घे. घरासाठी दूध पावडरचा किंवा बिस्किटांचा पत्र्याचा डबा असेल तर फारच छान.

प्लास्टिकच्या भांड्याच्या बुडाशी त्रिकोणात आकडा असतो तो वाच. शीतपेयाच्या बाटलीवर बहुधा १, श्रीखंडासारख्या डब्यांवर बहुधा ५ असतो. ज्यात आधी खाण्याचीच वस्तू होती अशीच भांडी घे, आणि त्यांत थंड झालेला, कोरडा पदार्थच भर. गरम काही ओतू नको. रंगाचा, फिनेलचा, इंजिन ऑइलचा, औषध फवारणीचा डबा कितीही धुतला तरी खाऊसाठी घ्यायचा नाही, मग तो दिसायला कितीही मजबूत असो. हे मी मुद्दाम ठासून सांगते, कारण शेतीवाडीच्या घरांत असे डबे पुष्कळ पडलेले असतात आणि भाऊ लहान आहे. लोणच्याची बरणीही सोड. तिचा वास झाकणाच्या आतल्या चकतीत मुरलेला असतो आणि आठवडाभरात फुटाण्यांना लागतो.

पत्र्याच्या डब्याची कड आधी चिंधी फिरवून तपास. चिंधी अडकली तर कड धारदार आहे, तो डबा घेऊ नको. आत गंजाचा ठिपका दिसला तरीही नको.

लेबल काढायला काचेची बरणी असेल तर साबणाच्या गरम पाण्यात बुडवून ठेव. प्लास्टिकला मात्र कोमट पाणीच, कारण शीतपेयाची बाटली गरम पाण्यात आक्रसते आणि वाकडी होते. उरलेल्या चिकटपणावर खोबरेल तेल आणि खायचा सोडा सारखे मिसळून चोळ, अर्धा तास राहू दे, मग घासून धू. बाटलीत चमचाभर सोडा, कोमट पाणी आणि मूठभर तांदूळ घालून जोरात हलवलंस की आतला वास आणि चिकटपणा दोन्ही जातात.

आणि आता जूनमधली खरी अडचण: वाळवणं. कराडला तोवर आभाळ भरून आलेलं असेल, उन्हाचा भरवसा धरू नको. भांडी पालथी घालून, झाकणं वेगळी ठेवून, पंख्याखाली चांगले दोन दिवस वाळव. अरुंद तोंडाच्या बाटलीत बुडाशी एक थेंब जरी राहिला तरी खाऊला बुरशी येते. काडीला कोरडं फडकं गुंडाळून आतून फिरवून बघ. झाकण घट्ट आहे का हे बघायला वाळवण्याच्या आधीच बाटलीत पाणी भरून ती उलटी धर. थेंब गळला तर पावसाळी हवाही आत शिरणार, दुसरी बाटली शोध.

खाऊचं सांगते. बाटलीत फुटाण्याची डाळ आणि भाजलेले, सोललेले शेंगदाणे, निम्मेनिम्मे. २०० ग्रॅम शेंगदाण्यांना दोन मोठे चमचे पाण्यात पाऊण चमचा मीठ विरघळवून चोळ, दहा मिनिटं मुरू दे, मग जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर सतत हलवत भाज. बारा-पंधरा मिनिटं लागतील. घाई करून आच वाढवलीस तर बाहेरून डाग पडतात आणि आत ओल राहते, असे दाणे पावसात दोन दिवसांत मऊ पडतात. शेवटी दाणा मधोमध मोडून बघ, आतून फिकट बदामी दिसला पाहिजे. भाजलेले दाणे गरम असतानाच कापडात घालून चोळले की सालं सुटतात. मग ताटात पसरून पूर्ण थंड कर. कोमट असताना झाकण लावलं तर आत वाफ धरते. पप्पांना रक्तदाबही असेल तर मीठ अजिबात घालू नको, आणि बाजारचे खारे शेंगदाणेही नकोत.

याच बाटलीच्या जोडीला एक छोटी डबी मुखवासाची ठेव. कंडक्टर दिवसभर बोलतो, ओरडतो, धूळ खातो, त्याला जेवणानंतर तोंड स्वच्छ करणारं काहीतरी लागतं. मुखवास हाताशी असला तर तंबाखू-सुपारीकडे हात जरा कमी जातो, हे मी कितीतरी घरांत पाहिलंय. १०० ग्रॅम बडीशेप, ५० ग्रॅम जवस, ५० ग्रॅम तीळ, २५ ग्रॅम ओवा. बडीशेप आणि ओव्याला अर्ध्या लिंबाचा रस आणि चिमूटभर सैंधव चोळून ताटात पंख्याखाली रात्रभर वाळू दे. दुसऱ्या दिवशी प्रत्येक जिन्नस वेगवेगळा भाज. तीळ तडतडले की लगेच काढ, जवसाला थोडा जास्त वेळ दे. सगळं एकत्र करून थंड कर. बाजारच्या मुखवासात रंगीत साखरेच्या गोळ्या असतात, त्या यात घालायच्या नाहीत.

मुक्कामाच्या डबीत लसणाची शेंगदाणा चटणी भर. परगावी रात्री मिळेल ते जेवताना ती पानात असली की दोन घास बरे जातात. सोलापूरकडे करतात तशी कर: पाव किलो भाजलेले शेंगदाणे, पंधरा-वीस लसूण पाकळ्या, दोन चमचे तिखट, चमचाभर जिरं, चवीपुरतं मीठ. तिकडे लसूण कच्चाच कुटतात, पण तुझी डबी जूनच्या दमट हवेत बॅगेत फिरणार आहे, म्हणून लसूण ठेचून थेंबभर तेलावर कोरडा होईपर्यंत परत. मग खलबत्त्यात सगळं कुटत राहा, दाण्यांना तेल सुटेपर्यंत. हे काम भावाला दे, तो हौसेने करेल. मिक्सरमध्ये करायची असेल तर थांबत थांबत फिरव, नाहीतर लगदा होतो. डबीत एक छोटा चमचाही ठेव आणि पप्पांना सांग, ओला चमचा घालायचा नाही. एकदा केलेली चटणी आठ-दहा दिवसांत संपव.

घरातल्या डब्यात भडंग. तू सांगली-जयसिंगपूरच्या इतक्या जवळ राहतेस की हे मी तुला शिकवायला नको. फक्त दोन गोष्टी सांभाळ. चुरमुरे आधी कढईत कोरडेच गरम करून घे, बोटात चुरगळले पाहिजेत. आणि लसूण, कढीपत्ता फोडणीत पूर्ण कुरकुरीत होऊ दे, कारण त्यांच्यातलीच ओल पुढे चुरमुऱ्यांना मऊ करते. चुरमुरे शेवटी तांदळाचेच, शुगर असलेल्या माणसाने ते वाटीभर आणि सोबत भरपूर शेंगदाणे असे खावेत. म्हणून हा डबा घरातच ठेव, सगळ्यांनी मिळून खायला.

गोडाचं काय, असं तुझ्या मनात असेल. बरेच जण म्हणतील, गुळाची चिक्की दे, खजुराचे लाडू दे, साखर कुठे आहे त्यात? तसं नाही गं. गूळ, मध, खजूर या सगळ्यांनी रक्तातली साखर वाढते. पप्पांचे डॉक्टर त्यांना किती गोड चालेल ते सांगतील, आणि आईला ते ठाऊक असेल. या भेटीत गोड नसलं तरी काही उणं राहत नाही. मात्र एक गोष्ट आईला नक्की विचार. शुगरच्या काही गोळ्यांवर असणाऱ्या माणसाचं जेवण उशिरा झालं तर साखर एकदम खाली जाऊ शकते: घाम येतो, हातपाय थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. गाडी उशिरा पोचली तर कंडक्टरचं जेवण टळतंच. डॉक्टरांनी तशी सूचना दिली असेल, तर तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडरची छोटी पुडी प्लास्टिकमध्ये बंद करून बाटलीला रबराने बांध आणि वर ठळक लिही, "चक्कर आली तरच". या तिन्ही भेटींपेक्षा ती पुडी मला महत्त्वाची वाटते.

सजावटीकडे वळू. आधी सजावट, ती पूर्ण वाळल्यावर खाऊ, हा क्रम मोडू नको. रंगाचा वास खाऊला फार लवकर लागतो. रंग फक्त बाहेरून, तोंडाच्या कडेपासून बोटभर जागा सोडून. पावसात भिजणाऱ्या बॅगेत पोस्टर रंग टिकत नाही, हाताला लागतो. त्यामुळे बाटली न रंगवता तिला कापडाचा खोळ शिव. पप्पांचा फाटलेला, आता न वापरातला खाकी शर्ट असेल तर आईला विचारून त्याचा खिसा आणि बाहीचा तुकडा घे. बाहीत बाटली बरोबर बसते आणि खिशात मुखवासाची डबी. कापडामुळे बाटली बॅगेत खडखडतही नाही. नवीन कापड विकत आणण्यापेक्षा मला हे शंभर पटीने आवडेल, त्या शर्टाने किती फेऱ्या मारल्या असतील!

पत्र्याचा डबा भावाच्या ताब्यात दे. चौकोनी असेल तर त्याची लाल एसटी होऊ दे. खिडक्यांचे पांढरे चौकोन कागदाचे कापून चिकटवा, पुढे पाटी लावा, आणि पाटीवर पप्पांच्या नेहमीच्या मार्गाचं नाव. रंग घरात नसेल तर लाल पतंगी कागद किंवा जुन्या लग्नपत्रिका वापरा, वर पारदर्शक चिकटपट्टी मारली की पुसता येतं. भावाला हेही सांग की जून हा एसटीचाही महिना. १ जून १९४८ रोजी पहिली एसटी पुण्याहून अहमदनगरला गेली. मागच्या बाजूला तो दिनांक लिहायला त्याला आवडेल.

लेबलं तिकिटासारखी करा. जुन्या तिकिटांवर "पूर्ण" आणि "अर्धे" असं छापलेलं असायचं, ते पप्पांना लगेच ओळखू येईल. शेंगदाण्यांच्या बाटलीवर "एका वेळी : अर्धी मूठ" आणि भडंगाच्या डब्यावर "एका वेळी : पूर्ण १ वाटी" असं लिहिलंत तर प्रमाणही सांभाळलं जातं आणि कुणी उपदेश केल्यासारखंही वाटत नाही. कागदाच्या पुड्या करायच्या असतील तर वर्तमानपत्र नको. छपाईची शाई खाण्यात उतरते, म्हणूनच आपल्याकडच्या अन्नसुरक्षेच्या नियमांनी खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधायला मनाई केली आहे. बटर पेपर घे किंवा स्वच्छ कोरा कागद.

पैशांचं गणित सोपं आहे. शेंगदाणे सगळे मिळून पाऊण किलोच्या आत लागतील, फुटाण्याची डाळ पाव किलो, चुरमुरे पाव किलो, बडीशेप आणि जवस. तीळ, ओवा, जिरं, तिखट, लसूण, तेल घरात असतंच. दर दुकानागणिक बदलतात, म्हणून मोठी खरेदी एकाच किराणा दुकानात, सुट्टं, वजनावर कर. पाकिटातलं महाग पडतं. अडीचशे अपुरे पडतायत असं दिसलं तर फुटाण्याची डाळ कमी कर, मुखवास सोडू नको.

रविवारी पप्पांची ड्युटी असेल तर रविवारचा हट्ट धरू नको. शनिवारी ते मुक्कामाला निघतानाच बाटली आणि डबी बॅगेत दे, घरातला डबा ते परत आल्यावर. भांडी धुणं आणि सजावट आधीच्या आठवड्यात उरक, शेंगदाणे, मुखवास, चटणी गुरुवारी-शुक्रवारी आणि भडंग अगदी शेवटी.

आईच्या बोलण्याबद्दल. तिचं म्हणणं चूक नाही, वह्यांचे पैसे खरंच लागतात आणि तो हिशेब तिलाच करावा लागतो. तिच्याशी वाद न घालता तिला सांग की यातलं काहीही शोभेचं नाही, सगळं खाण्यातच जाणार आहे. आणि परदेशी म्हणशील, तर हा दिवस सुरू कसा झाला ते तिला आवडेल. अमेरिकेतल्या स्पोकेन शहरात सोनोरा स्मार्ट डॉड नावाची बाई होती. तिची आई गेल्यावर वडिलांनी एकट्याने सहा मुलं वाढवली. आयांसाठी दिवस आहे तसा बापांसाठीही हवा, असं तिला वाटलं आणि १९ जून १९१० रोजी तिच्या खटपटीने तिथे तो पहिल्यांदा पाळला गेला. आपल्याकडे पिठोरी अमावास्येला मातृदिन आहे, पितृपक्षात गेलेल्या वडिलांना आपण पान वाढतो. धडधाकट, रोज पहाटेची गाडी पकडणाऱ्या वडिलांना एक डबा भरून दिला तर त्यात थेर कसलं? आईलाही शेंगदाणे भाजायला बोलाव. मंद आच किती, हे तिच्याइतकं नेमकं मी लिहून सांगू शकत नाही.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी थोडक्यात. वडील शेतावर जात असतील तर प्लास्टिक नको, उंदीर कुरतडतात. झाकणाचा पत्र्याचा डबा द्या. दात पडलेल्या आजोबांना शेंगदाणे देऊ नका, मेतकूट किंवा सातूचं पीठ कॉफीच्या स्वच्छ बरणीत भरून द्या. वडील परगावी असतील आणि पार्सल धाडायचं असेल तर काच टाळा, झाकणावरून चिकटपट्टीचा पूर्ण वेढा द्या आणि भडंग पाठवू नका, पोचेपर्यंत त्याचा चुरा होतो.

तुला शेवटचं एक. बाटली रिकामी होऊन घरी आली की उरल्यासुरल्यावर नवं ओतू नको. जुन्या दाण्यांचा खवट वास नव्यांना लागतो. रिकामी कर, धू, दोन दिवस वाळव आणि मग भर. एक बाटली वाळत असताना दुसरी ड्युटीवर असावी म्हणून आत्ताच दोन बाटल्या धुऊन ठेव. काही अडलं तर पुन्हा लिही, आणि पप्पांना भडंग आवडला की चटणी, तेही कळव.

तुझी,
मावशी